धुरीचे दाणे

थंडी पडली की आमच्या घरातल्या खिडक्या बंद होतात, आणि त्याचं कारण थंडी नाही. वारज्यात अजून काही रिकामे प्लॉट उरलेत. सकाळी तिथं कुणीतरी पालापाचोळा गोळा करून पेटवतं. हायवेच्या कडेला हुरडा पार्टीचे फलक लागतात. त्यावर शेतात मांडी घालून बसलेलं एक हसरं कुटुंब असतं आणि दरवर्षी ते कुटुंब तेच असतं. कोपऱ्यावरचा गाडीवाला वाळूत शेंगा भाजायला घेतो. हे सगळं सुरू झालं की मी घरभर हिंडून खिडक्या लावतो, बाल्कनीच्या दाराखालच्या फटीत जुना पंचा गुंडाळून सारतो, आणि नीला, म्हणजे माझी बायको, आतल्या खोलीतून विचारते, "लावल्या का हो सगळ्या?" मी म्हणतो, "लावल्या." आमचा हिवाळा असा सुरू होतो.

एके काळी मी ह्याच दिवसांची वाट बघायचो, हे आता सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. दिवाळीचा फराळ संपून डब्याच्या तळाशी चिवड्यातलं तिखटमीठ उरलं, की नीला मला माळ्यावर चढवायची. "काढा हो ती शेगडी, थंडी वाया चाललीय." थंडी वाया जाते ही कल्पना फक्त तिचीच. बाकीच्या पुण्यात लोक स्वेटर शोधत असायचे आणि आमच्या बाल्कनीत नीला पाट टाकून धुरीचे दाणे करायला बसलेली असायची.

दाणे नारायण पेठेतूनच यायचे. वारज्यात दाणे मिळतात, चांगले मिळतात, मी हे तिला अनेकदा सांगून पाहिलं. ती नारायण पेठेत वाढलेली, दोन खोल्यांत सहा माणसं आणि खाली चणे-फुटाण्यांची भट्टी. त्या भट्टीच्या धुरात आपण अभ्यास केला, आजारी पडलो, लग्न होऊन बाहेर पडलो, तेव्हा दाण्यातलं आपल्याला कळतं, असं तिचं म्हणणं. त्यावर बोलायला मला जागा नव्हती, कारण ते खरं होतं.

मिठाच्या पाण्यातून काढलेले दाणे ती सुती फडक्यावर वाळवायची, मग मंद आचेवर भाजायची. गरम असतानाच जाड बुडाच्या पातेल्यात पसरायची. मधोमध लोखंडी वाटी, वाटीत करवंटीचा लाल निखारा, त्यावर उसाच्या वाळक्या चिपाडाचा चुरा आणि तुपाचा एक थेंब. धूर उठला की वर झाकण, आणि झाकणाच्या कडेनं कणकेची वळी लावून फट बंद. त्या कणकेत एक भोक मात्र ती मुद्दाम ठेवायची, दाभणानं पाडल्यासारखं. त्यातून धुराची एक रेघ बाहेर यायची आणि नीला त्या रेघेपाशी नाक नेऊन बसायची. पहिला धूर कच्चा असतो म्हणे. मग तो गोड होतो, आणि मग कडू. गोडाचा कडू व्हायच्या आत झाकण उघडायचं, एवढीच त्यातली मेख. मी कितीतरी वेळा तिच्या शेजारी बसून नाक लावलं. मला कच्चा, गोड आणि कडू ह्यांत खोकल्यापलीकडे काही सापडलं नाही.

काजूही व्हायचे, कधी बदाम. पण दाणे ते दाणे. ते बरणीत भरून ठेवले की हात लावायची बंदी. धूर मुरायला हवा. संक्रांतीला आमच्याकडचा तिळगूळ घेताना लोक दुसऱ्या हाताकडे बघायचे, कारण दुसऱ्या हातात दाण्यांची पुडी असायची. कारखान्यातले माझे साहेब माझ्याशी वर्षभर जेमतेम बोलायचे आणि पौष लागला की विचारायचे, "काय, घरी सगळं ठीक ना?" मी समजायचो.

नीलाचं नाक हे आमच्या घरातलं एक स्वतंत्र माणूस होतं. गॅस किंचित सुटला तर तिला झोपेत कळायचं. दूध नासणार आहे हे ती नासायच्या आदल्या संध्याकाळी सांगायची. मी बाहेर काय खाऊन आलो हे लपवायची सोय नव्हती. आमची मुलगी ऋचा लहान असताना तिच्या कपाळाला हात न लावता नीला नुसतं टाळूला नाक लावायची आणि म्हणायची, "उद्या ताप येणार हिला." यायचा. डॉक्टरांना हे सांगायची सोय नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी ताप आल्यावरच जायचो.

करोनानं ते नाक नेलं. आम्ही दोघंही आजारी पडलो, दोघंही उठलो, आणि लोक म्हणाले देवाची कृपा. ती होतीच, नाही कोण म्हणतं. तेव्हा आमच्या ओळखीतली जी माणसं गेली त्यांच्यापुढे वासाची तक्रार करायची लाज वाटायची. माझा वास महिन्याभरात परत आला. नीलाचा आला नाही. डॉक्टर म्हणाले, येईल. पुढच्या खेपेला म्हणाले, येईल, थोडा वेळ लागतो. जेवण म्हणजे तिच्यासाठी गरम की गार, मऊ की कडक, खारट की गोड, एवढंच उरलं. ती आमटीत अंदाजानं गोडा मसाला घालायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. "बरी झालीय का?" तीस वर्षांत तिनं मला हे कधी विचारलं नव्हतं. कधी मसाला दुप्पट पडलेला असायचा, कधी पडलेलाच नसायचा. मी सगळं खाल्लं. ती गप्प होत गेली, आणि मला त्यावर काय करावं ते कळेना.

मला जी थंडी आठवते ती आजारपणानंतरची दुसरी. दिवाळीत ऋचा आणि जावई हिंजवडीहून आले, फराळाला बसले, आणि ऋचानं चकलीचा तुकडा हातात धरून सांगून टाकलं. "आई, बाबा, फाल्गुनात." नीला जागची उठली, तिनं ऋचाच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली, जावयाला उगीचच आणखी दोन करंज्या वाढल्या. सगळं रीतीप्रमाणे झालं. ते गेल्यावर मी भांडी आत नेली तर ती ओट्याला टेकून उभी होती.

"त्याच्या आत यायला हवं," ती म्हणाली.

"काय?"

"नाक."

मी म्हटलं येईल गं, डॉक्टर म्हणालेत ना. ती म्हणाली, "डॉक्टरांचं सोडा. बाळाच्या टाळूला वास असतो. तुम्हाला नाही सांगता यायचं. ऋचाचा होता तो मला अजून आठवतो, म्हणजे आठवतो असं वाटतं, पण धरायला जाते आणि हातात काही नसतं. मला मसाला नको, फोडणी नको, काही नको. तेवढा एक आला की पुरे."

एवढं सरळ मागणं तिनं माझ्याकडे कधी केलं नव्हतं. आणि मी काय देणार होतो? मी कारखान्यात स्टोअर सांभाळत निवृत्त झालेला माणूस.

डॉक्टरांनी वास घ्यायच्या बाटल्या दिल्या होत्या. लिंबू, लवंग, गुलाब, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या आणि मनात तो वास आठवायचा, म्हणजे नाकाला वळण लागतं. नीलानं त्या इमानेइतबारे हुंगल्या, पण तिचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. "हे म्हणजे परक्या माणसाच्या हाका. माझ्या नाकाला माझंच काहीतरी पाहिजे." आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "काढा ती शेगडी."

मागच्या हिवाळ्यात शेगडी निघाली नव्हती. मी ती उतरवून पुसली तेव्हा मला इतका आनंद झाला की मी शीळ वाजवायला लागलो. वेडगळपणाच, पण झाला खरा.

पहिल्या घाण्याला तिनं सगळं नेहमीसारखं केलं. कणकेत भोक ठेवलं, नाक नेलं, डोळे मिटून बसली. मी शेजारी. बऱ्याच वेळानं डोळे उघडून म्हणाली, "आता काय चाललंय, कच्चा की गोड?" मला काय कळणार? मी म्हटलं, गोड. झाकण उघडलं तर दाणे काळे पडले होते.

मग आमचं डोकं चाललं, आणि ते एकाच दिशेनं चाललं. हलका धूर तिच्यापर्यंत पोचत नाही, तर धूर वाढवू. चिपाडाबरोबर आंब्याच्या लाकडाचा भुसा घालू. एका निखाऱ्याऐवजी दोन ठेवू. तूप जास्त. दाणे एकदा धुरावले की परत धुरावू. मोठ्यानं हाक मारल्यावर लांब गेलेलं माणूस वळून बघतं ना, तसा काहीसा आमचा हिशेब होता. मार्गशीर्ष असा गेला. दिवसाआड बाल्कनीतून धूर निघत होता आणि नीला त्यात डोकं घालून बसत होती, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत. पाणी धुराचं आहे असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो.

खालच्या मजल्यावर लेले राहतात, एकटेच. ते एकदा वर आले. दारातच उभं राहून म्हणाले, "काही जळतंय, की मुद्दाम?"

मी म्हटलं, "मुद्दाम."

"बरं. मग चालू द्या. आम्ही खिडक्या लावून घेतो. पुण्यात तशीही हवा फार होते."

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये चिठ्ठी चिकटवलेली. 'बाल्कनी ही बाल्कनी आहे. गुऱ्हाळ नव्हे.' अक्षर लेल्यांचं, सुबक. मी वर येऊन नीलाला ते वाचून दाखवलं आणि ती हसली. पुष्कळ दिवसांनी हसली म्हणून मला लेल्यांचा राग आला नाही.

ते दाणे माणसानं खाण्यालायक राहिले नव्हते. घसा खरवडून निघायचा. टाकून द्यायला मात्र जीव होत नव्हता, कारण प्रत्येक घाण्यात तिची आशा होती. मी खात राहिलो. सकाळी चहाबरोबर मूठभर, दुपारी मूठभर. ऋचा फोनवर म्हणायची, "बाबा, किती ॲसिडिटी करून घेणार आहात? आईला सांगा ना, गूगल केलंय मी, नॅचरली येतं ते, पेशन्स लागतो." मी म्हणायचो, "सांगतो." पोट जळत असायचं. पण घरात पुन्हा शेगडी होती, राख होती, पाट होता. आधीचं घर तेवढ्यापुरतं परत आल्यासारखं वाटायचं, आणि मला ते सोडवत नव्हतं.

भोगीच्या सकाळी आलं.

मी स्वयंपाकघरात भोगीच्या भाजीला ओला हरभरा सोलत होतो. बाल्कनीतून हाक आली, "अहो." नुसतं अहो, पुढे काही नाही. मी गेलो तर ती झाकण हातात धरून उभी. कणकेचे तुकडे पायावर पडलेले. म्हणाली, "काहीतरी आलं."

"कसला? धुराचा?"

"ते नाही कळत. पण आलं. आत आलं काहीतरी."

मी तिथंच खाली बसलो. मला रडू कोसळलं, ते लपवायचं सुचलंही नाही. ती पुन्हा पातेल्यावर वाकली, पुन्हा म्हणाली, "हो. आहे." मग आम्ही ऋचाला फोन केला. ऋचा ऑफिसच्या बसमध्ये होती, तिथंच रडायला लागली, शेजारच्या मुलीनं पाणी दिलं म्हणे. मी जिना उतरून लेल्यांकडे गेलो आणि त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "अभिनंदन. म्हणजे आता धूर बंद?" पण संध्याकाळी ते स्वतः एक दिवस आधीच तिळगूळ घेऊन वर आले, आणि लिफ्टमधली चिठ्ठी त्यांनी काढून टाकली होती. त्या दिवशीच्या बाजरीच्या भाकरीची चव माझ्या तोंडात अजून आहे. आम्ही किती सुखात होतो हे आठवलं की आता मला उठून दुसऱ्या खोलीत जावंसं वाटतं.

रात्री आवराआवर करताना नीला म्हणाली, "दाणे जरा खवट आलेत का ह्या वेळी?"

मी एक दाणा खाऊन पाहिला. जळका होता, खवट नव्हता. पण तिला वास यायला लागलाय, तिला कळतंय, मग असेल खवट. माझ्या जिभेवर तिच्या नाकापेक्षा जास्त भरवसा मी कधीच ठेवला नव्हता. सकाळी ती म्हणाली, "खवटच आहेत. काढून टाका, मळमळतंय." मला तर आनंदच झाला. नीला खवट दाणे ओळखते, म्हणजे नीला परत आली. मी उरलेले कच्चे दाणे पिशवीत भरले आणि भांडायला नारायण पेठेत गेलो.

दुकानदार आमच्या लग्नाच्या आधीपासून नीलाच्या माहेरच्या ओळखीचा. त्यानं पिशवीत हात घातला, दोन दाणे तोंडात टाकले, शांतपणे चावले.

"कोण म्हणतं खवट?"

"आमच्या घरी म्हणतात. आणि त्यांना कळतं, तुम्हालाही माहितीय."

त्यानं आणखी दोन खाल्ले. "दाण्यांना वास नाही. नाक दाखवून घ्या."

मागे उभी असलेली दोन गिऱ्हाइकं हसली. एरवी मीही हसलो असतो, पुण्यात दुकानात हे एवढं ऐकूनच घ्यावं लागतं. पण माझा तोल गेला. "दाखवतोय," मी म्हटलं, "दीड वर्ष दाखवतोय नाक." तो आत गेला, नवीन पोतं उसवलं, त्यातले दाणे भरून पिशवी माझ्या हातात दिली.

ती पिशवी मी घरी ओट्यावर उघडली आणि नीला दोन्ही हात तोंडावर घेऊन मागे सरली. भिंतीला पाठ लागली तरी मागेच सरत होती.

त्यानंतरचे दिवस मला नीट क्रमानं आठवत नाहीत. आधी दाणे, मग कॉफी. मग कांदा, मग लसणाची फोडणी. मग दात घासायची पेस्ट. सगळ्याला एकच वास. तिनं मला तो एकदा सांगितला: नाल्याच्या कडेला रबर जळतंय आणि त्या रबराखाली काहीतरी मेलेलं आहे. कोथिंबिरीला तोच, अत्तराला तोच. भाजलेल्या दाण्यांना सगळ्यात जास्त. वास परत आला होता खरा, पण सगळ्या जगाचा मिळून एकच आला होता.

डॉक्टर म्हणाले, असं होतं काहींना. नाकातल्या मेलेल्या तारा परत वाढतात, पण वाढताना चुकीच्या जागी जोडल्या जातात. भाजलेलं, धुराचं, कॉफी, कांदा ह्यांनी जास्त त्रास होतो, तेव्हा ते टाळा. मी विचारलं, आम्ही महिनाभर तिला धूर दिला, त्यानं झालं का? ते म्हणाले नाही, तसं नाही होत. नीलानं विचारलं, "सरळ कधी होईल?"

"सांगता येत नाही. पुष्कळांचं होतं."

"फाल्गुनापर्यंत?"

त्यांना फाल्गुनाचं काय कळणार? ते म्हणाले, धीर धरा.

त्याच आठवड्यात ती उशी घेऊन ऋचाच्या खोलीत झोपायला गेली. जाताना दारात थांबली. "तुमचाही येतो," ती म्हणाली. "तुम्ही काही करू नका, आंघोळीनं जात नाही. रागावलात का?" मी म्हटलं, त्यात रागवायचं काय. मला राग आलाच नव्हता. मला भीती वाटली. तेव्हापासून मी साबण लावत नाही, तेल लावत नाही, तिच्या शेजारी बसायचं तर वारा माझ्याकडून तिच्याकडे वाहत नाही ना, हे आधी बघतो. ह्याची सवय होते. माणसाला कशाचीही सवय होते आणि ते काही फार चांगलं नाही.

माघात ऋचा बाळंतपणाला आली. आम्ही तिला सांगितलं नाही. नीला गार दहीभात आणि काकडी खाऊन जगत होती. ऋचाला वाटलं, आईला पित्त झालंय. रीतीप्रमाणे बाळाच्या आणि बाळंतिणीच्या आंघोळीनंतर ओवा-वेखंडाची धुरी द्यायची असते, त्यासाठी शेगडी लागणारच होती. पण ऋचानं मोबाइलवर वाचून जाहीर केलं की लहान बाळाला धूर अजिबात चांगला नसतो, डॉक्टरही नको म्हणतात. "बरोबर आहे," नीला लगेच म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती इंटरनेटच्या बाजूनं बोलली. शेगडी मी भंगारवाल्याला देऊन टाकली.

मुलगी झाली. हॉस्पिटलच्या खोलीत नर्सनं दुपट्यात गुंडाळलेलं बाळ आणून नीलाच्या हातात दिलं. जावई फोटो काढत होते, ऋचा पडल्या पडल्या बघत होती, व्याही-विहीणबाई पेढे वाटत होते. नीला बाळाच्या टाळूवर वाकली. ती कशासाठी वाकलीय हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. माझ्या हातात पेढा होता आणि मी देवाला म्हटलं, बाकी काही कधी मागितलं नाही, हे एवढं दे. नीलानं तोंड वर केलं. हसत होती. "ऋचावर गेलीय," म्हणाली. बाळ विहीणबाईंकडे दिलं आणि बाहेर आली. मी मागोमाग गेलो.

व्हरांड्यात खिडकीचा गज धरून ती उभी होती.

"तोच," ती म्हणाली.

पेढा अजून माझ्या हातातच होता.

"तिच्यात काही नाही हो तसं. ती छान आहे. माझं मला कळतं. पण नाकाला कळत नाही. आतून ढकलूनच देतं." मग म्हणाली, "काही येत नव्हतं तेच बरं होतं. तेव्हा निदान तिचा वास मनानं तरी धरता आला असता."

पण तिनं त्या बाळाचं सगळं केलं. तेल लावलं, न्हाऊमाखू घातलं, अंगाई म्हटली. फक्त उचलायच्या आधी मोठा श्वास घ्यायची, गाल फुगायचे, आणि श्वास आत कोंडून बाळाला छातीशी धरायची. जितका वेळ दम टिके तितका वेळ. चेहरा लाल व्हायला लागला की बाळ पाळण्यात ठेवायची, खिडकीशी जाऊन श्वास सोडायची, नवा भरून परत यायची. अंगाई तर ती खिडकीपाशी उभी राहूनच म्हणायची. बघायला आलेल्या बायकांना वाटायचं, आजी गाल फुगवून बाळाला हसवतेय.

ऋचाला शेवटी मीच सांगितलं. ती खूप रडली. "आई, मग तू घेत जाऊ नकोस ना तिला, प्लीज. नाहीतर मास्क लाव." नीला म्हणाली, "मास्क लावला तरी येतो. आणि तिला माझं तोंड तरी दिसू दे." ठरल्यापेक्षा लवकर ऋचा हिंजवडीला परत गेली. भांडण नाही, काही नाही. आईला सुटका मिळावी म्हणून गेली, आणि आईला काय वाटलं हे मी पाहिलं. रिकाम्या पाळण्याची दोरी धरून ती पुष्कळ वेळ बसली होती. श्वास न कोंडता.

आता ह्याला काही हिवाळे झाले. थोडा फरक पडलाय. वरण चालतं, चहा गार करून चालतो. भाजलेलं आणि माणसं अजून चालत नाहीत. सरळ होणार नाही, असं डॉक्टर म्हणत नाहीत. होईल म्हणायचे मात्र ते थांबलेत. मी कधीकधी कोपऱ्यावरच्या गाडीपाशी उभा राहून शेंगा खातो, लांबच्या रस्त्यानं घरी येतो, खाली नळावर चुळा भरतो. तरी दार उघडल्याबरोबर तिला कळतं. ती काही म्हणत नाही, फक्त आत जाते. पूर्वी मी बाहेर काय खाल्लं हे ती सांगायची तेव्हा मला तिचा धाक वाटायचा. आता ती न सांगता आत जाते, आणि तो धाक परत मिळावा म्हणून मी काय वाटेल ते देईन. देण्यासारखं माझ्याकडे काही नाही, आणि घेणारंही कुणी नाही.

नातीचं नाव सई. ऋचा तिला रविवारी घेऊन येते. मागच्या रविवारी नीला आणि मी जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो, ऋचा कलिंगड कापत होती, सई खाली फरशीवर बाहुलीशी खेळत होती. तिनं बाहुलीला रुमालावर झोपवलं. थोड्या वेळानं बाहुली रडायला लागली असावी, कारण सई घाईघाईनं उठली. तिनं आधी मोठा श्वास घेतला. दोन्ही गाल फुगवले. मग बाहुलीला उचलून छातीशी धरलं आणि थोपटायला लागली. तोंड लाल झालं तेव्हा बाहुली खाली ठेवली, खिडकीपाशी धावत गेली आणि श्वास सोडला.

ऋचाच्या हातातली सुरी थांबली. "सई, हे काय गं?"

"बाळाला असं घेतात," सई म्हणाली. मग बाहुली उचलून ती नीलासमोर आली. "आजी, आता तू घे. आधी श्वास घे."

त्या प्लॅस्टिकच्या बाहुलीचा नीलाला कसलाच वास येत नाही. तरी तिनं श्वास भरून घेतला, गाल फुगवले, आणि बाहुली छातीशी धरली. सई समोर उभी राहून बघत होती, म्हणून तिला तो लवकर सोडता येईना.